सतरा नंबरची प्रतिक्रिया

१

"काकू, एक कमी आहे," अलका म्हणाली. "सतरा नंबर गायब!"

शनिवारची सकाळ होती. भोपाळच्या बरखेड्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल म्हणजे एक लांबट खोली, दोन कपाटं आणि एक कॅरमबोर्ड. त्या कॅरमबोर्डावर अलकानं पत्रं ओळीनं मांडली होती. सोळानंतर एकदम अठरा. आवक वहीत मात्र एक ते एक्केचाळीस असे सगळे आकडे ठळक अक्षरात, एकही खाडाखोड न करता लिहिलेले.

पत्रं कसली ते आधी सांगते. एकोणनव्वद सालची ही गोष्ट. दर मंगळवारी टीव्हीवर 'बंद लिफाफा' लागायचं. दर आठवड्याला नवा गुन्हा, नवी माणसं, आणि तेराव्या मंगळवारी समाप्ती. तेरा आठवडे आमची कारखान्याची टाउनशिप वेडी झाली होती. ज्यांची सेकंड शिफ्ट असायची त्यांना बुधवारी सकाळी दुधाच्या रांगेत अख्खा भाग सांगावा लागायचा, आणि सांगणाऱ्याचा रांगेतला नंबर जायचा ते वेगळंच.

तेरावा भाग असा निघाला की घराघरात जुंपली. म्हातारे आईवडील घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहत असतात. रोज त्याचं ताट मांडतात. त्याची पत्रंही येत असतात. डिटेक्टिव्ह शोधून काढतो की मुलगा सात वर्षांपूर्वीच मारला गेलाय आणि ती पत्रं खुनीच पाठवतोय. तो घरी येऊन हे सांगतो. आई ताट उचलते, आणि संपलं.

त्यानं सांगायला हवं होतं की नको? अर्धा बरखेडा म्हणे, खरं ते खरं. अर्धा म्हणे, त्या मेल्या डिटेक्टिव्हला हृदय आहे की नाही. शेवटी मंडळानं पेटी ठेवली. नाव न घालता प्रतिक्रिया टाकायच्या, रविवारी संध्याकाळी पाचला सगळ्यांसमोर अलकानं वाचायच्या, आणि बहुमत टीव्हीवाल्यांना कळवायचं.

"शेवटाच्या बाजूनं वीस, विरुद्ध वीस," अलका म्हणाली. "म्हणजे सतरा नंबरच डिसाइड करणार होता. आणि तोच चोरीला जातो? कमाल है!"

मी एकेक पत्र उचलून पाहत होते. निळी शाई, काळी शाई, हिरवीसुद्धा. पेन्सिलीनं लिहिलेलं एकही नव्हतं.

मी सगळी पत्रं पुन्हा पहिल्यापासून चाळली, कारण पेटीत पेन्सिलीनं लिहिलेलं एक पत्र होतं, आणि ते मीच माझ्या हातानं टाकलं होतं.

२

लीलावती राजूरकर माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण. दोन आठवडे हृदयाच्या दुखण्यानं साकेत नगरच्या इस्पितळात होती. रोज दुपारी मी डबा घेऊन जायचे. शुक्रवारी रिकाम्या डब्याबरोबर तिनं पिशवीत पाकीट सरकवलं. उताणं पडून बॉलपेन चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी मीच तिला पेन्सिल नेऊन दिली होती.

"पेटीत टाक. यांना सांगू नकोस," ती म्हणाली होती. "रविवारी डिस्चार्ज आहे. घरी जायच्या आधी मंडळात येणार मी. माझं पत्र वाचताना ऐकायचंय मला."

इतकी वर्षं मी तिला कशाचा हट्ट धरताना पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक रवींद्र घर सोडून गेला. तिच्या नवऱ्यानं, काशिनाथभावजींनी, त्याला कारखान्यात चिकटवायचं ठरवलं होतं, त्याला ते नको होतं. शब्दानं शब्द वाढला. "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस," असं ते म्हणाले, आणि पोरगा तेवढंच एक वाक्य ऐकून गेला. त्यानंतर त्या घरात रवींद्रचं नाव काढायची बंदी होती. लीलावतीनं ती मुकाट पाळली. मला अजून त्याचा राग येतो.

आणि आता तिचं पत्र नाहीसं झालं होतं. उद्या पाच वाजता ती पहिल्या रांगेत बसून वाट पाहणार होती.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना गाठून सगळं सांगितलं. आमचे हे, म्हणजे प्रभाकर, तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. जोडकामात केसाएवढी चीर असली तरी त्यांना दिसायची. कॉलनी त्यांना गमतीनं इन्स्पेक्टरसाहेब म्हणते. त्यांना ती गंमत आहे असं वाटत नाही, एवढाच त्रास आहे. माझ्या साडीला आदल्या दिवशी पडलेला डाग मात्र त्यांना आजतागायत दिसलेला नाही.

"अहो, चोर शोधा. उद्या पाचच्या आत," मी म्हटलं.

त्यांनी पेपरची घडी घातली. चष्मा पुसला. तीस वर्षांची सवय आहे, काही बिघडलं की आधी चष्मा.

३

पहिले विनायकराव. शेवटाच्या विरुद्ध गटाचे पुढारी. आवाज असा की ते घरात बोलले तर पुढच्या ब्लॉकातल्या बायका पदर सारखा करतात.

"मी? मी पत्र चोरीन?" ते गरजले. "मला चोरायचंच असतं ना प्रभाकरराव, तर बाजूनं आलेली वीसच्या वीस नेली असती! त्या डिटेक्टिव्हला अक्कल आहे का? म्हातारीला सांगून काय मिळवलं त्यानं?"

बोलता बोलता त्यांनी टेबलावरचं, त्यांच्याच टपालातलं एक पत्र आमच्यासमोर फोडलं. पाकीट टराटरा फाटलं, आतल्या कागदाचा कोपराही गेला. ह्यांनी ते तुकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

मग अलका. तिचं मत उघड होतं. खरं लपवणं म्हणजे दुसरा गुन्हा.

"अंकल, मी का काढीन? मला तर जितायचं होतं," ती म्हणाली. "मी तर सकाळी आले तेव्हा सगळं एकदम रेडी होतं. पाकिटं ब्लेडनं कापलेली, प्रत्येक पत्राला डाव्या कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्याचा टॅग लावलेला. मला वाटलं, चला, मेहनत वाचली."

"कपाटाची चाबी?"

"एक सेक्रेटरी काकांकडे. दुसरी दाराच्या मागे खिळ्याला. सबको पता है."

शेवटी सेक्रेटरी, म्हणजे दत्तात्रय मोहरील. नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, आणि सचिवालयातून रिटायर होऊन मुलाकडे बरखेड्यात राहणारे. आयुष्य फायलींत गेलं. मंडळाला कुणी दिवाळीचं भेटकार्ड पाठवलं तरी त्यावर आवक क्रमांक पडतो. राजूरकरांच्या आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत एकच.

"शुक्रवारी संध्याकाळी पेटी उघडली, पाकिटांवर नंबर टाकले, कपाटात ठेवली," ते म्हणाले. "उघडून पाहिली नाहीत जी मी. पत्र गहाळ झालं ती जबाबदारी माझी. मी राजीनामा लिहून ठेवला आहे."

खरंच लिहिला होता. दोन प्रतींत.

परत येताना हे वाटेत चष्मा पुसायला थांबले. मग म्हणाले, "तू लीलावतीवहिनींना विचार, त्यांनी पत्रात लिहिलं तरी काय होतं. चोर सापडेल तो त्यातच."

४

दुपारी डबा घेऊन गेले. लीलावती उशीला टेकून बसली होती, वेणी घातलेली, चेहरा उजळलेला.

"माझं पत्र मिळालं ना मंडळाला?"

"मिळालं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. "काय लिहिलंयस एवढं?"

"अगं, शेवटाबद्दलच. हे सगळा भाग तुमच्याकडे बसून बघून आले ना, बुधवारी मला सांगितला. मुलगा परत येतो. दार वाजतं. आई उठायच्या आत बापच उठतो, कडी काढतो. काही म्हणजे काही बोलत नाही. एवढंच म्हणतो, 'जेवायला बस.'" तिनं डोळ्यांना पदर लावला. "किती छान शेवट गं! इथली आया तर दोन दिवस रडत होती त्या भागापायी. बुधवारी सकाळी खाटेखाटेशी थांबून सांगत होती."

मी वाटी पुसून डब्यात ठेवली.

मंगळवारी काशिनाथभावजी आमच्याकडेच होते. आई ताट उचलते तिथं ते एकदम उठले, चहा तसाच ठेवून, चप्पल उलटसुलट घालून गेले होते. दुसऱ्या दिवशी खाटेवरच्या बायकोनं विचारलं असणार, शेवट काय झाला. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, धक्का बसेल असं काही बोलू नका.

उद्या पाच वाजता शंभर माणसांसमोर अलका ते पत्र वाचेल. कुणीतरी हसेल. विनायकराव तर उभे राहून म्हणतील, अहो, हा कुठला शेवट? मुलगा तर मेला! आणि लीलावती पहिल्या रांगेत.

पत्र सापडलं नाही तर तिचा हिरमोड. सापडलं तर त्याहून वाईट.

"उद्या अलकाला म्हणावं, सावकाश वाच," लीलावती म्हणाली.

५

मी घरी येऊन सगळं सांगितलं, आयेच्या रडण्यासकट. "हे काम भावजींचं," मी म्हटलं. "आपलं खोटं उघडं पडू नये म्हणून."

"काशिनाथना पत्राचं ठाऊकच नव्हतं. तूच म्हणालीस," हे म्हणाले. "चल."

ते सरळ दत्तात्रयभाऊंकडे गेले. चहा येईपर्यंत थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "भाऊ, पाकिटं ब्लेडनं कापलेली होती. डाव्या कोपऱ्यात भोक, त्यात टॅग. विनायकराव पाकीट फाडतात. अलकाला टॅग ओवायचा धीर नाही. अख्ख्या बरखेड्यात असा कागद लावणारा माणूस एकच आहे. तुम्ही पत्रं उघडली. वाचली."

दत्तात्रयभाऊंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे एक चुकीचं बोललात. पण तुम्ही कागद फाडणार नाही, जाळणार नाही, हेही मला ठाऊक आहे. आता आवक वही नको मला. जावक दाखवा."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. मग उठले, लोखंडी ट्रंकेतून मंडळाची दुसरी वही काढली आणि उघडून आमच्यासमोर धरली. शेवटची नोंद होती:

'जावक क्र. २७. आवक क्र. १७ चे मूळ पत्र, श्री. काशिनाथ राजूरकर यांस समक्ष सुपूर्द. शनिवार, सकाळी ७.१०.'

मला हसू आलं आणि रडूही. ज्या माणसानं चोरी केली त्यानंच ती वेळेसकट वहीत चढवली होती!

"नोंद केल्याशिवाय कागद बाहेर कसा जाईल?" ते कळवळून म्हणाले. "आणि आवकेत नंबर आधीच पडला होता. खाडाखोड मी छत्तीस वर्षांत केली नाही. शुक्रवारी वाचायला बसलो. पेन्सिल पाहिली, 'अकरा वर्षं' हे शब्द वाचले, तेव्हाच समजलो कुणाचं आहे ते. मधे एकच भिंत आहे जी. त्या बाईचं अकरा वर्षांचं न बोलणं मी ऐकलं आहे. तिला खरं ते भर सभेत कळावं, आणि तेही लोकांच्या हसण्यातून? नाही जी. माझ्यानं नाही झालं."

६

काशिनाथभावजी ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहताच त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. ह्यांनी काही विचारायच्या आत त्यांनी घडी केलेला कागद काढून दिला.

मी वाचलं. पेन्सिलीची फिकट अक्षरं, ओळी खाली उतरत गेलेल्या.

'मंडळास नमस्कार. शेवट फार आवडला. बाप स्वतः उठून कडी काढतो आणि जेवायला बस म्हणतो. अकरा वर्षं मी हाच शेवट ऐकायची वाट पाहत होते. ज्यांनी हा शेवट रचला त्यांना माझा नमस्कार सांगावा. आपली, एक प्रेक्षक.'

"ती विचारत होती, शेवट काय झाला," भावजी म्हणाले. "नळ्या लावलेल्या. मला सांगवेना. तोंडातून आपोआप निघालं, आला गं तो. मग म्हणाली, बाप काय म्हणाला? मला काही सुचेना, म्हणून..." त्यांनी ह्यांच्या हातावर हात ठेवला. "प्रभाकरराव, हे वाचू नका. तिला कळलं की मी खोटं बोललो, तर..."

"तिला ठाऊक आहे," हे म्हणाले.

काशिनाथभावजी ओट्यावरून अर्धवट उठले.

"मुलगा सुखरूप घरी आला तर आया दोन दिवस कशाला रडेल? ती तर बुधवारी सकाळी खाटेखाटेशी थांबून सांगत होती. तुमची भेटायची वेळ संध्याकाळी. तुम्ही पोचलात त्याच्या आधीच वहिनींना खरा शेवट कळला होता. तरी त्यांनी तुम्हाला विचारलं."

"मग हे पत्र?"

"मालिका तेरा आठवड्यांची. त्या अकरा वर्षं वाट पाहत होत्या म्हणतात. आणि 'ज्यांनी रचला' त्यांना नमस्कार. काशिनाथ, ही टीव्हीची प्रतिक्रिया नाही. तुमच्या शेवटाची आहे. तुमच्या घरात बोलायची बंदी होती, म्हणून बिचारीनं मंडळाच्या पेटीत टाकली."

तीस वर्षं ज्या माणसानं वाकडा तुकडा पास केला नाही, त्याचा आवाज हे सांगताना कापत होता. मला त्या घडीला साडीच्या डागाचं सगळं माफ करावंसं वाटलं.

काशिनाथभावजींनी कागद परत घेतला, गुडघ्यावर ठेवून हातानं सारखा केला. "वाचा," ते म्हणाले. "सावकाश वाचा म्हणावं."

७

रविवारी हॉल भरून बाहेर माणसं उभी होती. लीलावती पहिल्या रांगेत, अंगावर शाल. शेजारी काशिनाथभावजी.

अलकाला आम्ही काही सांगितलं नव्हतं. "सतरा नंबर सापडलाय," एवढंच. ती एकेक प्रतिक्रिया वाचत गेली. लोक टाळ्या वाजवत होते, ओरडत होते. मग ती सतरावर आली, आणि वाचता वाचता तिचा आवाज उतरला. हा शेवट आपण पाहिलेलाच नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तरी तिनं एक शब्द गाळला नाही.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मागून कुणीतरी खुसखुसलं. विनायकराव ताडकन उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

"हा शेवट कुठं..." ते गरजले, आणि थांबले.

डोळे उघडले तेव्हा ते पहिल्या रांगेकडे बघत होते. राजूरकरांच्या रवींद्रची हकिगत बरखेड्यात कुणाला ठाऊक नव्हती? लीलावतीची मान ताठ होती. काशिनाथभावजींनी भर सभेत, सगळ्यांच्या देखत, बायकोचा हात हातात घेतला होता. माझ्या पंचवीस वर्षांच्या ओळखीत ते मी प्रथमच पाहत होते.

"हा शेवट," विनायकराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं, "मला मान्य आहे." ते खाली बसले.

खुसखुस थांबली. अलकानं पुढचं पत्र उचललंच नाही.

सभा मोडल्यावर आम्ही मागं राहिलो. लीलावतीनं कमरेची पिशवी सोडली आणि एक जुनं, घड्यांवर विरलेलं अंतर्देशीय पत्र काढलं.

"रवीचं आहे. चार वर्षांपूर्वी आलं होतं," ती म्हणाली. "जबलपूरला असतो. पत्ता आहे."

"चार वर्षं?" भावजी म्हणाले. "मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक नव्हतं हो मला," लीलावती म्हणाली. "बुधवारी कळलं."

काशिनाथभावजींनी तो पत्ता बोटानं ओळ धरून वाचला. मग त्यांनी दत्तात्रयभाऊंकडे एक पोस्टकार्ड मागितलं. उभ्याउभ्या कॅरमबोर्डावर टेकून लिहिलं. दोनच ओळी झाल्या असतील. कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकायला मीच नेणार होते, पण दत्तात्रयभाऊंनी हात आडवा केला. नोंद राहिली होती.

त्यांनी जावक वही उघडली. राजीनाम्याच्या दोन्ही प्रती त्यातच होत्या. ह्यांनी त्या काढून खिशात घातल्या, आणि भाऊंनी न पाहिल्यासारखं केलं.

"जावक क्रमांक अठ्ठावीस," ते लिहू लागले. "चिरंजीव रवींद्र काशिनाथ राजूरकर, जबलपूर." मग लेखणी थांबवून, चष्म्यावरून पाहत, कचेरीत विचारावं तसं त्यांनी विचारलं, "विषय काय लिहू जी?"

काशिनाथभावजींनी बायकोकडे पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले. "जेवायला बस."